ऑगस्टचं तिकीट

"सुट्टीत येशील ना गं?" लहानपणी ऐकलेला मावशीचा ओवीसारखा आवाज परवा जपानमध्ये, उरायासुच्या बसरांगेत आठवला. पुढच्या बाई जर्मनीत शिकणाऱ्या लेकीशी स्पीकरवर बोलत होत्या.

"कादंबरी, जेवलीस?"

"श्रीखंड केलं. इथलं क्वार्क अगदी चक्क्यासारखं असतं."

"अगंबाई! आणि रविवारी दुकानं खरंच बंद?"

"सगळी."

"मग करतेस काय?"

"झोपते."

"तू? इथं तर रात्रभर मोबाईल घेऊन जागायचीस! बरं, ऑगस्टचं तिकीट काढू?"

"यंदा नको."

"परीक्षा आहे?"

"नाही."

"कुणी भेटलाय?"

"आई!"

"मग काय गं?"

"इथं जमीन हलत नाही, आई. पहिलीत असताना झालेल्या त्या मोठ्या भूकंपानंतर पहिल्यांदाच मला शांत झोप लागते. घरी यायची भीती वाटते गं."