सोळा उतरले

(फोनवर. ताई शहरात, आपल्या शिवणाच्या दुकानात. गिर्यारोहण मंडळाचा लीडर डोंगराच्या पायथ्याशी, वनखात्याच्या चौकीच्या व्हरांड्यात. दुपारचे साडेतीन.)

लीडर : ...नाही ताई, हरवला असं नाही म्हणत मी. तुमचा भाऊ मागे राहिलाय, एवढंच.

ताई : मागे म्हणजे कुठे? किती जण गेला होतात?

लीडर : सतरा चढलो. सोळा उतरले.

ताई : आणि हे लक्षात कधी आलं तुमच्या?

लीडर : खाली. बसपाशी.

ताई : बसपाशी! अहो, मी गिऱ्हाइकाला ब्लाउज देताना हुकं मोजून देते. तुम्ही माणसं मोजली नाहीत?

लीडर : मोजली. खिंडीत थांबून मोजली. धुकं उतरलं होतं, सगळ्यांच्या टोप्या कपाळावर ओढलेल्या. सतरा भरले. दुसऱ्या गटातला एक जण आमच्यात येऊन उभा होता, ते नंतर कळलं. त्याचाही रेनकोट निळाच.

ताई : म्हणजे तोंडं बघितलीच नाहीत.

लीडर : नाही. एरवी नंबर पुकारतो, ज्याने त्याने ओ द्यायची. आज सगळे कुडकुडत होते. म्हटलं, लवकर खाली नेऊ. चूक माझीच.

ताई : चूक कोणाची ते मागाहून बघू. तुम्ही फोन धरून का उभे आहात? वर जा ना!

लीडर : जाऊन आलो. दोघांना घेऊन खिंडीपर्यंत. चार पावलांपुढचं दिसत नाही आणि वाट कड्याच्या कडेने. आता चौकीवाले सोडत नाहीत. बचाव पथक निघालंय, दीड तासात पोहोचेल.

ताई : दीड तास तो वर एकटा?

लीडर : धुकं होतं म्हणून नेहमीप्रमाणे उतरताना सबंध वाटभर शिट्ट्या मारल्या. परत चढताना मारल्या. तीन शिट्ट्या म्हणजे 'कुठे आहेस'. त्याच्याकडेही शिट्टी आहे. उत्तर यायला हवं होतं. येत नाही, त्याचंच मला... ताई, ऐकताय ना?

ताई : ऐकतेय.

लीडर : शुद्धीवर असता तर उत्तर दिलं असतं. म्हणून विचारतो, त्याला फिट येते का? साखर वगैरे? फॉर्मवर 'काही त्रास नाही' असं लिहिलंय.

ताई : फॉर्म मी भरलाय.

लीडर : बरं. मग?

ताई : त्याला ऐकू येत नाही हो.

लीडर : काय?

ताई : वीस वर्षं छापखान्यात मशीनशेजारी उभा होता. डावा कान गेलाच. उजव्याला ऐकायचं मशीन लावतो, केसांत झाकून. ओलं झालं की तेही बंद पडतं. तुमच्या शिट्ट्या त्याच्यापर्यंत... त्याला कळणार कसं?

लीडर : दोन वर्षं येतोय तो आमच्याबरोबर.

ताई : समोरच्याचे ओठ वाचून बोलतो. शेजारच्याने ओ दिली की आपण देतो.

लीडर : आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो, ताई. थट्टेने. वाटायचं, बुजरा आहे.

ताई : माहीत आहे मला. हसत सांगितलं होतं त्याने.

लीडर : लिहायचं होतंत. मी त्याला माझ्या पुढ्यात चालवला असता.

ताई : चालवला असतात? की 'पुढच्या वेळी बघू' म्हणाला असतात? खरं सांगा. छापखान्याने तेच सांगून घरी बसवलं. भजनाच्या मंडळींनीही... जाऊ दे. बायको गेल्यापासून तो घराबाहेर पडतो तो फक्त तुमच्या रविवारी. शनिवारी बूट पुसायला बसतो. मी कसं लिहिणार होते, सांगा.

लीडर : पथकाला कळवतो. हाका मारू नका, हाताने चाचपत शोधा म्हणून.

*

ताई : पाच वाजले. मीच करतेय परत. राहवेना.

लीडर : पथक वर गेलंय. मला नेलं नाही. एकदा जाऊन आलात, आता खालीच थांबा म्हणाले.

ताई : बाकीचे?

लीडर : बसमध्ये बसलेत. कोणी घरी जायला तयार नाही. एक बाई मघापासून सारखी म्हणतेय, माझ्या मागे होता, पाणी प्यायला थांबला, मी त्याला सांगितलं, 'थांबू नकोस रे.'

ताई : पाठमोरी सांगितलं असेल.

लीडर : हो. पाठमोरीच.

ताई : मी निघू का? चार तासांचा रस्ता आहे. पण तिथे येऊन तरी काय करणार मी! इथे तिसऱ्यांदा तीच शिवण घालतेय आणि उसवतेय. गिऱ्हाईक येऊन गेलं, काय म्हणालं तेसुद्धा आठवत नाही.

लीडर : थांबा तिथेच. कळलं की पहिला फोन तुम्हाला.

ताई : फोन ठेवू नका. बोलायचं नसेल तर नका बोलू. नुसता चालू राहू दे.

*

लीडर : ताई. सापडला. जिवंत आहे.

ताई : अगं आई गं. ...कुठे होता?

लीडर : खिंडीच्या तोंडाशीच, वाटेपासून वीस पावलांवर. एका खडकाच्या आडोशाला. घसरलाय, पायाचं हाड मोडलंय. गारठलाय. आत्ताच स्ट्रेचरवरून खाली आणला. रुग्णवाहिका उभी आहे.

ताई : वीस पावलं? मग तुम्ही तिथूनच...

लीडर : दोनदा गेलो. शिट्ट्या मारत. पहिल्यांदा उतरताना, मग परत शोधताना.

ताई : त्याने वाजवली नाही?

लीडर : वाजवली म्हणे, बराच वेळ. तेव्हा आम्ही पार खाली होतो. मग थकला. आम्ही परत आलो ते त्याला ना दिसलं, ना ऐकू आलं.

ताई : द्या त्याला. नको, फोनवर काय ऐकणार तो! तुम्हीच बघा त्याच्याकडे. घोंगडं आहे का अंगावर?

लीडर : दोन आहेत. ताई, मला अहवाल लिहावा लागेल. कानाचंही.

ताई : नका लिहू. पायाचं लिहा. धुक्याचं लिहा. वाटल्यास मी खोटं लिहिलं असं लिहा.

लीडर : नाही लिहिलं, तर पुढच्या वेळी कोणी वीस पावलांवरून निघून जाईल. लिहिलं तर मंडळ त्याला घेणार नाही. आणि बहुतेक मलाही वगळतील.

ताई : तो काय म्हणतोय? ओठ हलतायत ना त्याचे? न बघताही कळतंय मला.

लीडर : हो. विचारतोय, पुढच्या रविवारी कुठे.

ताई : मग? काय सांगितलंत?

लीडर : त्याचा हात धरून बसलोय.