नापास झाल्याची बर्फी

शोभाताईंना कान टवकारावे लागलेच नाहीत. सीताबर्डीच्या त्या मिठाईच्या दुकानात, रांगेत पुढे उभ्या असलेल्या बापलेकीचा आवाज सगळ्यांनाच ऐकू जात होता.

"संत्रा बर्फी काहून वं, वैभवी? नोकरी लागली का?"

"नाही बाबा. वेबसाइटवरच्या तुटक्या लिंका शोधणारं ते फुकट टूल आहे ना, त्याच्यासाठी मी अ‍ॅक्शन, म्हणजे एक छोटीशी तपासणी, बनवली. कोडमध्ये कोणी काही बदललं, की ती आपोआप सगळ्या लिंका तपासते. चूक असली तर बदल आत जाऊच देत नाही."

"अन् लोकं वापरून राहिले?"

"एक ओळ टाकली की झालं. ब्राझीलवाल्यानं टाकली, केनियावाल्यानं टाकली. मग मीबी आपल्या कोडात टाकली. अन् आज सकाळी तिनं मलेच अडवलं! लाल फुली!"

"अरेरे! तूच बनवली अन् तुलेच नापास केलं? जराशी ओळख ठेवाले पाहिजे होती तिनं."

"नाही ठेवली, बाबा! लिंक खरंच तुटली होती. मले दिसली नाही, तिले दिसली."

बाबा काउंटरपाशी सरकले. त्यांचा नंबर आला. दुकानदारानं विचारलं,

"काका, नेहमीसारखी अर्धा किलो ना?"

"एक किलो दे गा. पोरगी नापास झाली!"