सुमनताईंनी तपासायला नेलेलं रक्त

मंडळी, कुठून कुठून आलात तुम्ही. सोनगीरहून, यावलहून. बोलायला मला उभं केलंत. जनावरांच्या डॉक्टर सुमनताई गेल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्याबद्दल मी बोलायचं, हा कुठला न्याय?

मीही जनावरांचाच डॉक्टर. या भागातला जुना. आणि आज खरं सांगतो, मला ताईंचा हेवा वाटायचा.

निंबाभाऊ, तुम्ही समोरच बसलात. आठवतं? तुम्ही नवी संकरित कालवड आणायची, तिला ताप यायचा, गाठी सुजायच्या, आणि ती जायची. गोचिडांचा ताप, हे मी ओळखलं होतं. पण तो गोठा सोडेना. ताई म्हणाल्या, "नाना, रोग गोठ्यातल्या या म्हाताऱ्या गाईत दडलाय." ती गाय? धडधाकट, दुभती! मी तिच्या कानाचं रक्त काचपट्टीवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही नाही.

"बघा," मी म्हणालो.

"नाना, इतके थोडे जंतू डोळ्याला कसे सापडतील? त्यांच्या डीएनएचा एखादा तुकडा रक्तात असला तरी पुरे. यंत्रात त्याच्या लाखो प्रती करतात, मग तो कळतो. पाठवून तर बघू."

गाईचं रक्त बर्फात ठेवून, ते तपासून घ्यायला त्या स्वतः भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसल्या. आणि इकडे मला काय वाटत होतं? काही निघू नये. हो, असंच वाटत होतं.

निघालं. तो परजीवी गाईच्या रक्तात होता. तिच्या रक्तावर पोसलेली गोचीड पुढे कालवडीला चावायची. ताईंनी गाईवर उपचार केले, गोठ्याच्या भेगाभेगांतून गोचीड काढली. पुढची कालवड जगली.

तिला बघायला मी गेलो. म्हटलं, एक इंजेक्शन देऊन ठेवू. निंबाभाऊ म्हणाले, "नाना, आते ताईले इचारीसन सांगस."

मला! ताईंना विचारून! इंजेक्शन तसंच पिशवीत टाकलं आणि घरी आलो मी.

तो हेवा अजून गेला नाही, मंडळी. धारा काढायची वेळ टळून चालली. गोठ्यात जनावरं हंबरत असतील. तरी तुमच्यातलं एकही माणूस उठलेलं नाही. माझ्यासाठी असे बसाल का हो?

ताई, हा मानही तुम्हीच नेलात.

चला, उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नये.