एका उंचवट्याखाली दोघं

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या गळ्यात लॅबचं ओळखपत्र होतं.

"ताई, आमचं मशीन प्रोटीनचं सरळ वजन करत नाही. ते आधी त्याच्यावर चार्ज चढवतं."

"मोबाईलसारखा?"

"हसू नकोस गं. मग वजनाला त्या चार्जने भागून आकडा दाखवतं. चार्ज जास्त चढला की सगळे आकडे एकमेकांना खेटून बसतात. दोन वेगळी प्रोटीन असली तरी स्क्रीनवरच्या आलेखात एकच उंचवटा दिसतो. परवा आम्ही एका नमुन्याचा चार्ज उतरवून पाहिला, तर दोन्ही सुटी झाली."

"मग छानच की! तोंड का पाडून बसलीस?"

"त्यातलं दुसरं आजाराचं होतं."

"अगं बाई! कुणाचं?"

"आधी स्वच्छ म्हणून सांगितलेले रक्ताचे सगळे नमुने मी मशीनला पुन्हा लावले."

"माझाही त्यातच होता ना? तूच तर फोनवर ओरडलीस, ताई, सुटलीस म्हणून!"

"हो."

"मग? आज तर तुला डॉक्टरांना दाखवायचंय म्हणून आलोय ना आपण?"

"ताई, चिठ्ठीवर नाव तुझं आहे."