पोळ्याचा बांबूचा बैल

हे ऐकाच. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल आमचा जातो. यंदा ऐन सणाला तो लंगडला. भाऊबंदातला नामदेव लगेच म्हणाला, "दादा, औंदा मान आमचा!"

गावाबाहेरच्या बंगल्यात परगावचे कलाकार येऊन राहतात. तिथल्या एका पोरीनं बांबूचा मोठा बैल केला होता. मी तडक गेलो.

"पोरी, बैल दे."

"आजोबा, तो प्रदर्शनासाठी आहे."

"अख्खं गाव बघेल. आणखी कसलं प्रदर्शन?"

तिला पटलं. बैल चालवायला ती मैत्रिणीला घेऊन स्वतःच त्याच्या पोकळ पोटात शिरली. वाजतगाजत निघालो! तोरणापाशी नामदेव आडवा. "हा कसला बैल? घास तरी खातो का?"

आमच्या हिनं ओवाळून पुरणपोळी पुढं धरली. पोळी आत गेली. पोटातून आवाज आला, "आजी, अजून एक!"

मी म्हटलं, "नामदेवा, नुसता खात नाही, तोंडानं मागून खातो! सर बाजूला!"