मुरलेला चुना

लेखा कार्यालयाच्या रांगेत माझ्या पुढे दोघं उभी होती. एक किल्ल्याच्या डागडुजीचा गवंडी, दुसरी नुकतीच बदलून आलेली इंजिनिअर.

"मिस्त्री, निधी मंजूर झालाय. तीन महिन्यांत खर्च झाला नाही, तर परत जाईल."

"जाऊ द्यायचा नाही, मॅडम."

"पण चुना सहा महिने भिजवावा लागतो, असं तुम्हीच म्हणता. मग सिमेंट वापरायचं का?"

"छे! सिमेंटने जुना दगड फुटतो. माझ्या सासऱ्यांनी ऐकलं असतं, तर थापी फेकून मारली असती."

"मग जमायचं कसं?"

"चुना तयार आहे की. गेल्या वर्षीच खड्ड्यात भिजत घातलाय, पदरच्या पैशाने."

"तेव्हा तर प्रस्तावसुद्धा गेला नव्हता! निधी आलाच नसता तर?"

"तर आणखी मुरला असता. चुना जितका जुना, तितका चांगला."

"हे नियमात कुठे बसतं, मिस्त्री?"

"बुरूज खाली बसला नाही म्हणजे झालं."

"बरं बाई, हरले. पण काम संपलं की तो खड्डा बुजवून टाका. कुणी पडेल त्यात."

"बुजवायचा नाही, मॅडम. झाकण लावतो. शेजारचा कालच भरलाय."

"त्यात आणखी काय?"

"पुढच्या वर्षीची तटबंदी."