कांचनबाईंना भूक लागली होती

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माईकसमोर उभी राहिले खरी. पण थोडा राग आलाय. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, बाईने सभेत आवाज चढवू नये. ते मी शाळेतच ठेवून आले.

आधीचे वक्ते म्हणाले, कांचनबाईंनी एका वर्षी गोड सोडलं, मीठ सोडलं, मौन धरलं, केवढं वैराग्य! अहो, त्या वर्षी वाशीमच्या दवाखान्यात मी त्यांची नर्स होते. ते वैराग्य नव्हतं. आजार होता.

बाईंना लहानपणापासून मिरगी. गोळ्यांनी झटके थांबले होते. झटके थांबले म्हणजे बाई बरी, असं मालेगावच्या या घराने ठरवून टाकलं. मन कसं आहे, कोणी विचारलं? मग बाईंनी गोळ्याही सोडल्या, आणि घरच्या दुकानातच कोसळल्या.

रतनभाऊ, तुम्ही बाईंचे यजमान, समोर बसला आहात, रागावू नका. वॉर्डात तुम्ही मला मोठ्या अभिमानाने म्हणालात, "सिस्टर, तिले आता कशाचीच इच्छा नाई राह्यली. लोकं पाया पडून राह्यले तिच्या." मी तुम्हाला बाहेर काढलं.

कॉटवर बसले. सरळ विचारलं, "कांचनबाई, जगावंसं वाटतं का?"

त्या भिंतीकडे वळल्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "भूकच लागत नाई, सिस्टर. मंग सोडलं म्हनायले काय जाते? पन सांगू कोनाले? सगळे पायाच पडतात."

पाया पडणाऱ्याला कोण सांगणार, की मला मरावंसं वाटतं?

डॉक्टरांनी मनाचे उपचार सुरू केले. घरचे म्हणाले, सूर्यास्तानंतर तोंडात काही घेतलं तर व्रत मोडेल. डॉक्टरांना विचारून मी रात्रीची गोळी दिवस मावळायच्या आत बसवली. तरी कुरकुर चालूच. शेवटी पायी विहार करत तुमच्या जैन साध्वी, माताजी आल्या. त्या म्हणाल्या, "आधी जेव. मन बरं झालं, की सोडायचं ते सोड." माझं ऐकलं नव्हतं, माताजींचं लगेच ऐकलं. असू दे. ऐकलं ना!

मी दर रविवारी बसने यायचे. झोप लागली का, रडू आलं का, हे आधी विचारायचे; गोळीचं शेवटी. कितीतरी महिन्यांनी एकदा बाई माझ्यावर खेकसल्या, "दरखेपी तेच काय पुसता? चहा घ्या, थंडा होऊन राह्यला!" त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते.

पुढे मी निवृत्त झाले, रविवार सुटला नाही. बाई गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना आणि मला सारखंच ऐकवायच्या.

परवा बाईंचा फोन आला. "उद्या या, सिस्टर. आंब्याचा रस करून राह्यलो. उशीर कराल तं मी एकटीच संपवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनभाऊंचा फोन. मी आधी एकच विचारलं, "कशानं?"

"हार्ट अटॅक, सिस्टर."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हो, शोकसभेत सांगते आहे. इतकी वर्षं ज्या बातमीला मी भीत होते, ती ही नव्हती. उद्याच्या रसाची वाट बघत गेली माझी बाई.

संयोजक दोन मिनिटांचं मौन म्हणाले. मी एकच मिनिट मागते. बाईंनी आजारात फार मौन पाळलं. एक मिनिट उभे राहू. मग त्यांच्याविषयी भरपूर बोला. फक्त एक सांगायला विसरू नका, की शेवटी त्यांना भूक लागली होती.

कांचनबाई, जय जिनेंद्र.